कादंबरीसोबत आलेले पेढे

ठाण्यापासून कल्याणपर्यंत जेवढी म्हणून डोकी आहेत, त्यांतलं सर्वांत तल्लख डोकं कुणाचं, हा प्रश्न मला अजून कुणी विचारलेला नाही. विचारला असता तरी विनयामुळे मी उत्तर दिलं नसतं. नुसतं कार्ड पुढे केलं असतं. 'जगन देवराम वाघमारे, खाजगी गुप्तहेर. भेटण्याची वेळ: रविवार व सार्वजनिक सुट्ट्या.' इतर दिवशी मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात स्क्रूंचे आटे तपासतो. तिथे माझ्या हुद्द्याचं नाव इन्स्पेक्टर असं आहे. सरकारने नाही, पण स्क्रूंनी मला केव्हाच ओळखलं होतं.

उंची मध्यम, नजर भेदक (चष्मा लावल्यावर), नाक शिकारी. आडनावाला जागून मी कशालाही घाबरत नाही. रेल्वे क्वार्टर्सच्या गल्लीतल्या त्या पिवळ्या कुत्र्याला वळसा घालून जातो, ते केवळ त्याचा मान राखावा म्हणून. खिशात कायम कारखान्याचं भिंग असतं. माझी आई केशरबाई हिला या भिंगाबद्दल यत्किंचितही आदर नाही. "ते काचेचं घेऊन बस इथे आणि तांदूळ निवड," एवढंच ती म्हणते. मोठ्या माणसांची घरात हीच गत असते.

तर ही केस अठ्ठ्याऐंशी सालची. आमच्या ठाकुर्लीत शिवरामकाकांनी घराच्या पुढच्या खोलीत 'मिलिंद सर्क्युलेटिंग लायब्ररी' काढली होती. काका स्वतः मागच्या खोलीत पुस्तकं बांधत बसायचे आणि काउंटरवर त्यांची मुलगी जाई असायची. जाई येणाऱ्या प्रत्येक पुरुषाला 'दादा' म्हणायची. कॉलेजची पोरं दादा, पेन्शनर आजोबाही दादा. मला मात्र ती 'ओ वाघमारे' म्हणायची. या एकाच पुराव्यावर मी दोन वर्षं जगत होतो.

मला जाई फार आवडायची. आज हे वाक्य जितक्या सहज लिहून गेलो, तितक्या सहज तेव्हा तोंडातून निघत नव्हतं. काउंटरसमोर उभा राहिलो की सगळं ठरवलेलं भाषण पोटात जायचं आणि तोंडातून यायचं, "नवीन दिवाळी अंक आला का?" एकदा तर हे मी मे महिन्यात विचारलं.

एका रविवारी मी असाच काउंटरला टेकून उभा होतो, तेवढ्यात खाडीकडच्या गोमाजी कोळ्याची मालू आली. तिने एक पुस्तक परत केलं आणि सोबत पेढ्यांचा पुडा ठेवला. जाईने पुडा उघडून एक पेढा माझ्या हातावर ठेवला.

"कशाचे?"

"मालूचा साखरपुडा झाला ना!"

मी पेढा तोंडात टाकला आणि तो अर्ध्यात गेल्यावर माझ्या शिकारी नाकाला काहीतरी लागलं. मागच्या महिन्यातही मी याच काउंटरवर पेढा खाल्ला होता. पोस्टमास्तरांच्या मुलीच्या लग्नाचा. त्याच्या आधी आंबिवलीच्या एका मुलीच्या लग्नाचा. आणि दोन्ही वेळेस परत आलेलं पुस्तक हेच होतं. 'सावलीतला शशांक.'

ही कादंबरी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. केतकी नावाची कॉलेजकन्या एका सावलीच्या प्रेमात पडते. सावली आहे, पण सावलीचा माणूस नाही. माणूस दोन हजार वीस सालात अडकलेला आहे. दर पौर्णिमेला त्याची सावली कॉलेजच्या भिंतीवर येते आणि तिला मोगऱ्याचा वास येतो. शेवटी भिंतीतून शशांक सदेह बाहेर पडतो, तोही सफारी घालून. मुखपृष्ठावर केतकीने भिंतीला मिठी मारलेली आहे. त्या काळी ठाकुर्ली-डोंबिवलीतल्या पोरी या पुस्तकावर जीव टाकायच्या.

"जाई," मी आवाज खाली आणून म्हणालो, "हे पुस्तक ज्या घरात जातं, त्या घरात लग्न ठरतं. हे तुमच्या लक्षात आलंय का?"

जाईने माझ्याकडे टक लावून पाहिलं. मग हसू दाबत ती म्हणाली, "बायकांना सगळ्यांना माहितीये ते."

"काय माहितीये?"

"ते तुम्ही शोधा. तुम्ही डिटेक्टिव्ह ना? आणि उत्तर सापडलं की पहिलं मला येऊन सांगा हां, ओ वाघमारे. दुसऱ्या कुणाला नाही."

एवढं बोलताना तिचे कान लाल झाले. खोलीत पंखा नव्हता, त्यामुळे उकाडा फार होता.

आता कुणी म्हणेल, बायकांना माहीत होतं तर एखादीला विचारायचंस. असं विचारून उत्तर काढणं हे पोलिसांचं काम. आम्ही ते बुद्धीने काढतो.

माझा पहिला तर्क रसायनाचा होता. पुस्तकाच्या डिंकात कुणीतरी लग्नाची इच्छा चाळवणारं औषध मिसळत असणार. मी काउंटरवरच पुस्तक उघडलं, भिंग लावलं आणि बांधणीच्या जागी नाक खुपसून खोल श्वास घेतला.

"कसला वास येतोय?" जाईने विचारलं.

"गूढ."

"खळ आहे ती. मैद्याची. बाबा मागे शिजवतात."

मला तीन शिंका आल्या. औषधाचा अंश नाकात गेल्याची ती खूण होती, पण जाईचं म्हणणं पडलं की पुस्तक धुळीचं आहे. मग मी भिंगाखाली एका पानावर अंगठ्याचा तेलकट ठसा पकडला. ठसा मोठा, पुरुषी, राकट. एका पुरुषाचा या प्रकरणात हात आहे हे सिद्ध झालं! मी ठसा बारकाईने तपासत असताना जाईने माझा पेढा धरलेला अंगठा हळूच त्याच्या शेजारी टेकवला. ठसे तंतोतंत जुळले. मी त्या दिवसापुरती तपासणी तहकूब केली.

दुसरा तर्क टोळीचा. लग्नं ठरली की फायदा कुणाचा? बँडवाल्याचा! आनंद ब्रास बँडचे मालक आनंद मास्तर लायब्ररीचे सभासद होते आणि मालूने पुस्तक नेलं त्याच आठवड्यात मी त्यांना काउंटरपाशी पाहिलं होतं. पुढच्या रविवारी ते पिशवी घेऊन बाहेर पडताच मी पाठलाग सुरू केला. ते बसमध्ये चढले, मी चढलो. तोंडासमोर पेपर धरला. पेपरला डोळ्यांपुरती दोन भोकं पाडलेली होती, त्यामुळे शेजारच्या बाईने जागा बदलली.

शीळफाट्याला ते उतरले, मीही उतरलो. तिथे लपायला एक उसाच्या रसाचं गुऱ्हाळ सोडलं तर काही नाही. मी रसवाल्याच्या मागे दबा धरून बसलो. मास्तर थेट तिथेच आले.

"काय ओ, ठाकुर्लीपासून मागे लागलाय. पाकीट पाहिजे की पत्ता?"

गुप्तहेराने प्रसंगावधान राखायचं असतं. "बँडचा रेट विचारायचा होता," मी म्हणालो.

"मग ठाकुर्लीतच विचारायचा ना राव! लग्न कुणाचं?"

"माझं," मी म्हणालो. वेषांतर करायचं तर पुरतं करावं.

मास्तरांचा चेहरा एकदम उजळला. त्यांनी मला दोन ग्लास रस पाजला, पाठ थोपटली आणि पिशवी उघडून दाखवली. आत क्लॅरिनेट होतं, दुरुस्तीला चाललेलं. तारीख विचारली, तेव्हा मी त्यांना कटवण्यासाठी तोंडाला येईल ती सांगितली. वैशाखातली. निघताना ते म्हणाले, "वरातीत नागीण डान्सचा सूर आपल्याकडून फुकट." गुन्हेगार इतका प्रेमळ असू शकत नाही, म्हणून मी त्यांना संशयितांतून वगळलं.

परतीच्या बसमध्ये मी विचार केला. रसायन गेलं, टोळी गेली. उरली जादू. हसू नका. ज्याने रोज हजारो स्क्रू पाहिलेत, त्याला विज्ञानाची मर्यादा कळते. पुस्तकातला शशांक भिंतीतून बाहेर येऊ शकतो, तर पुस्तकाच्या आतली काही शक्ती बाहेर का येणार नाही? पुस्तक घरात न्यायचं, मनात माणूस धरायचा, आणि महिन्याच्या आत पेढे! आणि अशी शक्ती असेल तर ती पडताळून बघण्याचा एकच मार्ग होता. प्रयोग स्वतःवर करायचा. मनात कोणाला धरायचं हा प्रश्नच नव्हता.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातून सुटलो तो तडक लायब्ररीत. 'सावलीतला शशांक' उचललं आणि काउंटरवर ठेवलं.

"हे घरी न्यायचंय."

जाईच्या हातात तारखेचा शिक्का होता. तो हवेतच राहिला.

"हे? तुम्ही नेणार?"

"हो."

"नक्की?"

"अगदी नक्की."

तिने पुस्तक स्वतःकडे ओढून घेतलं. मग म्हणाली, "कधी ठरलं?"

"काल, शीळफाट्याहून येताना. पण मनात म्हणाल तर दोन वर्षं होतं."

"दोन वर्षं!" तिचा आवाज एकदम बारीक झाला. "आणि इथे रोज येऊन कधी बोलला नाहीत."

"गुप्तता ही आमच्या धंद्याची पहिली अट," मी छाती पुढे काढून म्हणालो.

तिने पुस्तकावर शिक्का असा आपटला की मागच्या खोलीतून काकांनी "काय पडलं गं?" म्हणून विचारलं. पुस्तक माझ्याकडे सरकवून, माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "घ्या, जगनदादा."

दादा! वरून पत्रा पडावा तसा तो शब्द माझ्या डोक्यात पडला. मी पुस्तक घेऊन बाहेर आलो, तेव्हा पाय कुठे टाकतोय ते मला कळत नव्हतं. पिवळं कुत्रं समोर आलं, तेही माझी अवस्था पाहून बाजूला झालं. जादूचे काही उलटे परिणाम असावेत आणि ते सुरुवातीला दिसत असावेत, अशी मी मनाची समजूत घातली. तीन रात्री उशीखाली पुस्तक ठेवून झोपलो. मान तेवढी धरली.

शनिवारी सकाळी मासळीची पाटी घेऊन मनुबाई आमच्या दारात आली. मनुबाई म्हणजे मालूची आत्या, आणि ठाकुर्लीतली कुठलीही बातमी तिच्या पाटीतून गेल्याशिवाय पुढे जात नाही. पाटी खाली ठेवता ठेवता ती माझ्याकडे बघून म्हणाली, "काय रं जगन, लगीन ठरलं न आमाला पेढा पन नाय?"

आई आतून पदराला हात पुसत आली. "कुणाचं लग्न?"

"आता गो! तुझ्या पोराचं. त्यानी शशांकाचं बुक नेलं. बँड पन ठरवला ना, वैशाखात हाय. आनंद मास्तर सगल्यांना सांगतो. सून कुठली केलीस, केशर?"

आईने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती भेदक नजर माझ्या कार्डावर छापण्याच्या लायकीची होती. मी मात्र आनंदाने उडालो. जादू सुरू झाली होती! अजून मुलीला विचारलंही नव्हतं आणि बँड ठरला होता.

"न शिवरामच्या जाईला पन उद्या बघाला येतान," मनुबाई बोंबील मोजत म्हणाली. "कल्यानची मानसं. दोन वर्सं नाय नाय करायची पोर, परवा अचानक हो बोलली. पोरींचं काय खरं नाय बाय."

माझ्या हातातली कपबशी खाली गेली. उद्या. कल्याणची माणसं. म्हणजे जादू लागली होती, पण नेम चुकला होता. पुस्तक माझ्या घरात आणि लग्न तिच्या घरात!

मनुबाई गेल्यावर मी आईला सगळं सांगितलं. औषधी खळ, टोळी, शीळफाटा, दोन हजार वीस साल. आई बोंबील साफ करत शांतपणे ऐकत होती. माझं संपल्यावर तिने सुरी खाली ठेवली.

"जग्या, तू मला एकदा तरी विचारलंस का?"

"काय?"

"की ते पुस्तक घेतलं की लग्न का ठरतं."

"का ठरतं?"

"नाही ठरत! अरे येड्या, लग्न ठरलं की मग ते पुस्तक घेतात. आम्ही आया पोरींना तसलं वाचू देतो का? भिंतीला मिठ्या मारतेय बया! एकदा स्थळ पक्कं झालं, की आईच म्हणते, ने बाई आता, काय वाचायचंय ते वाचून घे, नंतर कुठली सवड. साखरपुड्याचं चार माणसांत बोलायचं नसतं ना लगेच, म्हणून पोरगी मुकाट जाऊन ते पुस्तक नेते. काउंटरवर ज्या बायका असतात त्या समजून जातात. परत करताना पेढे. सगळ्या ठाकुर्लीला माहिती आहे."

"सगळ्या?"

"पुरुष सोडून."

पुस्तकामुळे लग्न नाही, लग्नामुळे पुस्तक. मी इन्स्पेक्टर असून आटा उलटा फिरवत बसलो होतो.

"म्हणजे," मी म्हणालो, "जाईने मला ते पुस्तक देताना..."

"तिने काय समजायचं? तूच सांगितलंस ना, दोन वर्षांपासून मनात होती म्हणून. ती पोरगी तुला दादा म्हणत नाही, हे पोस्टमनलाही माहिती आहे. ती वाट बघत होती आणि तू काय केलंस? माती खाल्लीस!" आईचा आवाज चढला, पण डोळे भरले होते. "चांगली पोर आहे रे ती. मला तर पहिल्यापासून आवडते."

"मग आता?"

"आता मला कशाला विचारतोस? पाय आहेत ना?"

पण शनिवारी लायब्ररीला कुलूप होतं. जाईला आई नव्हती. बापलेक पाहुण्यांसाठी बाजारहाट करायला डोंबिवलीला गेली होती. ती रात्र मी कशी काढली ते मला विचारू नका.

रविवारी दुपारी मी पुस्तक काखेत मारून निघालो. क्वार्टर्सच्या गल्लीतून वळसा घालायला वेळ नव्हता. पिवळ्या कुत्र्याने मला अंगावर धावून येताना पाहिलं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याचाच धीर सुटला. मग आम्ही दोघंही एकाच दिशेने पळालो. लायब्ररीच्या दारात ते डावीकडे वळलं, मी आत शिरलो.

पाहुणे आलेले होते. पुढच्या खोलीत, पुस्तकांच्या मधोमध. बाकावर मुलगा, त्याची आई, त्याचे मामा. मुलगा पांढऱ्या शर्टात जुना दिवाळी अंक चाळत होता. जाई हिरव्या साडीत चहाचा ट्रे घेऊन उभी होती आणि शिवरामकाका माझ्याकडे बघून म्हणाले, "अरे जगन, आज बंद आहे लायब्ररी."

"पुस्तक परत करायचंय," मी धापा टाकत म्हणालो. "आजच."

जाईने माझ्या रिकाम्या हाताकडे पाहिलं, मग दुसऱ्या हाताकडे.

"पेढे?" ती म्हणाली.

"नाहीत."

मुलाच्या आईने उचललेला कप बशीत ठेवला. बाकी पुरुषमंडळी चहा पीत राहिली.

"मग नेलं कशाला होतं?" जाईने विचारलं.

"मला वाटलं, जो हे नेतो त्याचं लग्न ठरतं. म्हणून प्रयोग करून बघितला. मला काल कळलं की उलटं असतं. तुम्ही म्हणाला होता, उत्तर सापडलं की पहिलं मला सांगा. म्हणून आलो."

"प्रयोग कुणाला मनात धरून केला, ओ वाघमारे?"

ओ वाघमारे! माझ्या पोटात बसलेली दोन वर्षांची सगळी भाषणं एकदम वर आली आणि घशात एकमेकांत अडकली. शेवटी त्यातून सुटून एकच वाक्य बाहेर पडलं.

"संशयित एकच आहे. हातात ट्रे घेऊन उभी आहे."

जाईने ट्रे खाली ठेवला. पदराच्या टोकाने डोळे पुसले, मग हात पुसले. काउंटरमागे गेली, माझ्याकडून पुस्तक घेतलं, ड्रॉवरमधून शिक्का काढला आणि पुस्तकावर हळूच, अगदी हळूच टेकवला. मग पुस्तक छातीशी धरलं.

"बाबा, हे मी नेतेय."

काका गोंधळले. "अगं, नेतेस काय? हे तर तू कितीदा वाचलंयस. पाठ आहे तुला."

"वाचलंय, बाबा," जाई म्हणाली. "नेलं नव्हतं कधी."

काकांना काहीही कळलं नाही. मुलालाही नाही. पण त्याची आई उठली, जाईपाशी गेली आणि तिच्या गालावरून हात फिरवून म्हणाली, "सुखी राहा, बाळ." मग बाकाकडे वळून म्हणाली, "चला रे."

"अगं पण चहा..."

"ऊठ. पोरीने पुस्तक नेलं." कल्याणच्या एका लायब्ररीतही त्या कादंबरीची प्रत होती, हे आम्हाला नंतर कळलं.

ते दारातून बाहेर पडत असतानाच माझी आई आत आली. तिच्या हातात पेढ्यांचा पुडा होता, आणि डोंबिवलीच्या दुकानाच्या चिठ्ठीवरची तारीख पाहता तो तिने कालच आणून ठेवलेला असणार, असा मी तर्क केला. या सबंध केसमधला माझा हा एकच तर्क बरोबर निघाला.

आईने काकांना खुर्चीवर बसवून सगळं समजावलं. काकांना ते दोनदा सांगावं लागलं, मग ते रडले, मग त्यांनी मला एक पुस्तक भेट दिलं, जे मी आधीच वाचलेलं होतं. जाईने पुड्यातला पहिला पेढा माझ्या हातावर ठेवला.

"उत्तर मला एकटीला सांगा म्हटलं होतं," ती म्हणाली. "तुम्ही अख्ख्या कल्याणला सांगितलंत."

लग्न वैशाखात झालं. आनंद मास्तरांना वेगळं कळवावं लागलं नाही, तारीख त्यांनी शीळफाट्यावरच राखून ठेवली होती. वरातीत नागीण डान्स फुकट झाला, मनुबाई आणि मालू त्यात सर्वांत पुढे होत्या, आणि पिवळं कुत्रं माझ्याकडे बघून सगळा वेळ लांबच बसून होतं.